कुत्र्याच्या डोक्याला काम: कोकणातल्या घरांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुहागर तालुक्यात आमच्या घरी दोन कुत्री आहेत. खंड्या गावठी, पाखाडीवर भिजत बसलेला सापडला होता. चिमी लॅब्रेडॉर, आता तेरा वर्षांची. या दोघांना शिकवताना जे हाती लागलं त्याबद्दल वाडीतली माणसं विचारतात, सुट्टीत गावी येणारे चाकरमानी विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

दोन वेळचं जेवण आहे, फिरणं आहे, माया आहे. मग कुत्र्याला आणखी काय हवं?

काम हवं. कुत्र्याच्या पूर्वजांचा दिवस अन्न शोधण्यात जायचा. वास काढायचा, माग घ्यायचा, आत जावं की मागे फिरावं हे ठरवायचं. पुढे माणसाने त्याला मेंढरं वळायला, शिकार आणायला, राखण करायला जवळ केलं. म्हणजे हजारो वर्षं हा प्राणी डोकं चालवूनच जगला. आपल्या घरात मात्र दुपारी एक वाजता ताटली समोर येते आणि अर्ध्या मिनिटात रिकामी होते. मोठा कुत्रा दिवसातले बारा-चौदा तास झोपतो. उरलेल्या वेळात त्याच्या मेंदूने करायचं काय, याची सोय आपण केलेली नसते.

ती सोय करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे शिकवणं. 'शेक हँड' करून पाहुण्यांना दाखवणं एवढाच त्याचा अर्थ नाही. शिकताना कुत्रा आपल्याकडे बघतो, अंदाज बांधतो, चुकतो, पुन्हा करून पाहतो. पाच मिनिटं असं करून तो असा दमतो की सरळ जाऊन पडवीत आडवा होतो.

आमचा कुत्रा कंटाळलाय हे ओळखायचं कसं?

अळवाचे वाफे उकरणं, चपला आणि पायपुसणी फाडणं, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक स्कूटरवर तेवढ्याच जोराने भुंकणं, स्वतःची शेपटी धरायला गोल फिरणं, तुमच्या मागे मागे राहून सारखं कुंईकुंई करणं. पंजे चाटून चाटून लाल करणारीही कुत्री असतात. पण त्यात कातडीचा रोग किंवा गोचिडांचा त्रास असू शकतो, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. एरवी शहाणा असलेला कुत्रा एकाएकी चिडचिडा झाला, खाईनासा झाला, घरात घाण करू लागला, तर कारण कंटाळा आहे असं धरून बसू नका. दुखणं असेल तर शिकवण्याने बरं होत नाही.

गप्प पडून राहणारा कुत्रा समाधानीच असतो असंही नाही. साखळीला वर्षानुवर्षं बांधलेली कुत्री भुंकायचंसुद्धा सोडून देतात. लोक म्हणतात, किती शांत आहे! मला ते बघवत नाही.

रोज समुद्रावर तासभर पळवतो, तरी घरी येऊन धुमाकूळ घालतो. असं का?

कारण पाय दमले, डोकं तसंच राहिलं. वर रोज तासभर पळून त्याचा दम वाढत जातो, म्हणजे पुढच्या महिन्यात त्याला दीड तास लागेल. पळवणं बंद करा असं मी म्हणत नाही. त्या तासातली वीस मिनिटं नाकाला द्या.

माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख. कुत्र्याच्या नाकात त्या वीस कोटींच्या वर. ओहोटीनंतरची ओली वाळू त्याच्यासाठी त्या दिवसाचं वर्तमानपत्र असतं: रात्री कोण गेलं, कुर्ल्या कुठे शिरल्या, शेजारची कुत्री कधी येऊन गेली. आपण दोरी ओढून त्याला पुढे नेतो तेव्हा ते पान अर्धवट राहतं. एखाद्या दिवशी दोरी सैल ठेवा आणि तो नेईल तिकडे जा, एका माडाखाली पाच मिनिटं थांबला तर थांबू द्या.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाळीव कुत्र्यांचे दोन गट केले होते. एकाने दोन आठवडे वासाने खाऊ शोधण्याचा सराव केला, दुसऱ्याने मालकाच्या पायाशी चालण्याचा. नंतर, आत खाऊ असेल की नसेल हे कळू नये अशा जागी वाटी ठेवली, तेव्हा नाकाचं काम केलेली कुत्री तिच्याकडे आधीपेक्षा लवकर गेली. म्हणजे 'असेल काहीतरी चांगलं' असं त्यांना जास्त वाटू लागलं होतं. दुसऱ्या गटात असा फरक दिसला नाही. खंड्याच्या बाबतीत मी हेच पाहिलंय. शोधायला शिकल्यापासून नव्या गोष्टीला घाबरून मागे सरण्याचं त्याचं प्रमाण पुष्कळ कमी झालं.

शिकवायला सुरुवात कशी करायची?

भुकेच्या वेळी, शांत जागी, पाच मिनिटं. याहून जास्त नको. दिवसातून दोनदा-तीनदा जमलं तर उत्तम.

आधी एक छोटा शब्द ठरवा, ज्याचा अर्थ 'बरोबर केलंस, खाऊ येतोय' एवढाच असेल. मी 'हां' म्हणते. 'शाब्बास' लांब पडतो आणि आपण तो दिवसभर इतर वेळीही वापरतो. पहिले दोन दिवस काहीच मागू नका. फक्त 'हां' म्हणा आणि लगेच खाऊ द्या, दहा-पंधरा वेळा. 'हां' ऐकून कुत्र्याने मान वळवली की समजा, शब्द पोचला. घंटा ऐकून लाळ गळणाऱ्या कुत्र्यांची पावलोव्हची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. तेच तत्त्व इथे आहे.

आता 'बस'. खाऊ नाकासमोर धरून हळूच डोक्याच्या वर आणि मागे न्या. नाक वर गेलं की ढुंगण आपोआप खाली टेकतं. टेकलं त्याच क्षणी 'हां', आणि खाऊ. सगळी करामत त्या क्षणात आहे. दोन-तीन सेकंद उशीर झाला तर तोवर तो उठलेला असतो, आणि उठल्याबद्दल खाऊ मिळाला असं त्याला वाटतं. बहुतेक लोक इथेच चुकतात आणि 'आमचा मठ्ठ आहे' म्हणून सोडून देतात.

'बस' हा शब्द लगेच म्हणू नका. हाताची खूण पाहून तो दहापैकी आठ-नऊ वेळा बसू लागला की मग खुणेच्या आधी शब्द म्हणायचा. कुत्र्याला आपल्या शब्दांपेक्षा आपलं अंग लवकर वाचता येतं. एकदा म्हणा. 'बस, बस, बस ना रे' असं म्हटलं की त्याच्या लेखी हुकूम तिसऱ्या 'बस'चा होतो.

दोनदा चुकला तर काम सोपं करा. आणि त्याला मजा येत असतानाच थांबा, कंटाळण्याची वाट बघू नका.

आधी काय शिकवावं?

शहरातली माणसं 'बस', 'शेक हँड' पासून सुरू करतात. आपल्याकडे मी सांगेन, 'ये' आणि 'सोड' आधी. या दोन शब्दांनी कुत्र्याचा जीव वाचतो.

आपल्या कातळावर, गडग्याच्या फटीत, जांभ्या दगडाखाली फुरसं हा विषारी साप असतो. लहानसं, मातीच्या रंगाचं, दगडात मिसळून जाणारं. त्रास झाला की वेटोळं घासून खरखर आवाज काढतं. कुत्रा तो आवाज ऐकून नाक खुपसायला जातो. शिवाय कठडा नसलेल्या विहिरी, आंब्याच्या हंगामात जागोजागी पडलेल्या कोयी, किनाऱ्यावर येऊन पडलेला विषारी केंड मासा. प्रत्येक ठिकाणी तुम्ही धावत पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. तिथे आवाजच पोचायला हवा.

'सोड' असं शिकवा. मुठीत खाऊ धरून मूठ त्याच्यासमोर ठेवा. तो चाटेल, पंजा मारेल, हुंगेल. हात हलवायचा नाही, बोलायचं नाही. ज्या क्षणी तो तोंड मागे घेईल, 'हां', आणि खाऊ दुसऱ्या हातातून. मुठीतला नाही. हे जमलं की उघडा तळवा, मग जमिनीवर ठेवलेला खाऊ, मग चालताना वाटेत पडलेला, मग अंगणातलं सुकं हाडूक. घरात सोडतो म्हणून समुद्रावर सोडेल असं धरू नका. कुत्र्याला जागा बदलली की धडा नवा वाटतो. प्रत्येक जागी पुन्हा सोप्यापासून सुरू करायचं.

'ये' मध्ये मी स्वतः मोठी चूक केली होती. खंड्या लहान असताना मी त्याला हाक मारायचे ती दरवेळी साखळी घालायला, आंघोळ घालायला, समुद्रावरचं खेळणं थांबवायला. दीड-दोन महिन्यांत 'ये' ऐकलं की तो लांब पळू लागला. शेवटी तो शब्दच टाकून द्यावा लागला. नवा शब्द घेतला, 'चल चल', आणि सहा महिने त्या शब्दावर आलेल्या खंड्याला चांगलंच काहीतरी दिलं. दहा वेळा बोलवा, खाऊ द्या आणि नऊ वेळा परत खेळायला सोडा. नखं कापायची असतील तर बोलवू नका, आपण उठून त्याच्याकडे जा. उघड्यावर सराव करताना दहा मीटरची हलकी दोरी लावून ठेवा, म्हणजे 'नाही आला तरी चालतं' हे त्याला कधी कळतच नाही.

घरात प्रत्येकजण वेगळ्या भाषेत बोलतो. त्याचा गोंधळ होतो का?

होतो. आजी म्हणते 'हय ये', बाबा म्हणतात 'इकडे ये', मुलं 'कम'. कुत्रा तिन्ही शिकू शकतो, पण तिप्पट वेळ घेऊन. आपण मात्र महिन्याभरात 'ऐकत नाही' असा निकाल देतो. सगळ्यांनी बसून पाच-सहा शब्द ठरवा आणि स्वयंपाकघराच्या दारावर लिहून लावा. आजीचा शब्द घ्या असं मी सुचवते, कारण दिवसभर घरात तीच असते.

शब्द किती शिकेल याची काळजी करू नका. अमेरिकेत जॉन पिली नावाच्या निवृत्त मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपल्या चेसर या बॉर्डर कॉलीला हजाराहून अधिक खेळण्यांची नावं शिकवली होती. तीन वर्षं, रोज कित्येक तास. आपल्याला सहा शब्द हवे आहेत.

पावसाळ्यात चार महिने बाहेर पडता येत नाही. तेव्हा काय करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि मला तो सगळ्यात जवळचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पाणंदी वाहत असतात, गवतात गोचिडं, शेतात चिखल. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा धोका असतो, तो कुत्र्याला होतो आणि त्याच्याकडून आपल्यालाही होऊ शकतो. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका आणि लेप्टोची लस पावसाच्या आधी घेतली आहे ना ते बघा.

पण घरात बसून कुत्र्याचं डोकं उन्हाळ्यापेक्षा जास्त चालवता येतं. आमच्याकडचा पावसाळा असा जातो.

पहिला खेळ करवंट्यांचा. तीन करवंट्या घ्या, शेंड्या आणि काथ्या घासून पूर्ण काढा, कडा गुळगुळीत करा. डोळ्यांच्या बाजूच्या अर्ध्या घेतल्या तर मऊ डोळा टोचून भोक पाडता येतं आणि वास त्यातून वर येतो. कुत्र्यासमोर एकीखाली उकडलेल्या अंड्याचा तुकडा ठेवा आणि 'शोध' म्हणा. नाकाने किंवा पंजाने बरोबर करवंटीला लावलं की 'हां', उचला, खाऊ द्या. चुकलं तर रागावायचं नाही, फक्त खाली काही नाही ते दाखवायचं. मग त्याला न दिसेल असं ठेवा, मग करवंट्या सरकवा, मग पाच करा. खेळ संपला की करवंट्या उचलून ठेवायच्या. चघळायला सोडल्या तर तुकडे गिळतो.

दुसरा, शोधाशोध. त्याला माजघरात बसवा, पडवीत पाच ठिकाणी खाऊ ठेवा: खांबामागे, पायरीवर, उलट्या घमेल्याखाली, गोधडीच्या घडीत. मग 'शोध'. पहिल्या दिवशी त्याच्या डोळ्यांदेखत ठेवा, नाहीतर खेळ काय आहे हेच त्याला कळत नाही. आठवड्याभराने उंची बदला. कुत्री जमिनीवरच शोधतात. खुर्चीवर ठेवलेला वास हवेतून धरायला त्यांना वेगळं डोकं लागतं, आणि ते शोधताना बघणं हा पावसाळ्यातला माझा सगळ्यात मोठा आनंद आहे.

तिसरा, एकच वास ओळखायचा. छिद्रं पाडलेल्या पत्र्याच्या डबीत दालचिनीचा तुकडा ठेवा. डबी हुंगली की 'हां' आणि खाऊ. पंधरा दिवसांत तशाच चार रिकाम्या डब्यांतून तो दालचिनीचीच डबी दाखवू लागेल. पोलिसांची श्वानं करतात त्याच जातीचं हे काम आहे, फक्त घरगुती. परसातलं जायफळ मात्र यासाठी घेऊ नका, ते कुत्र्याला बाधतं.

रोजचं जेवणसुद्धा ताटलीत वाढायलाच हवं असं नाही. परातीत मुठीएवढे गोल गोटे ठेवून त्यांच्यामध्ये कोरडा खाऊ पसरा. जुन्या गोधडीवर पसरून गुंडाळी करा. पोफळीच्या विरीत, म्हणजे झावळीच्या देठाकडच्या रुंद सालीत, बांधून द्या आणि समोर बसा. अर्ध्या मिनिटात संपणारं जेवण पंधरा मिनिटं पुरतं.

शिकवताना खाऊ काय द्यावा? बाजारातलं महाग पडतं.

बाजारातलं लागतच नाही. उकडलेलं अंडं, बिनमिठाचं उकडलेलं चिकन, काटे पूर्ण काढलेला उकडलेला मासा, नाचणीच्या भाकरीचे तव्यावर कडक केलेले तुकडे, उकडलेलं रताळं, बी काढलेल्या कलिंगडाचे बारीक तुकडे. तुकडा वाटाण्याएवढा. दिवसभराच्या खाण्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाऊ होऊ देऊ नका आणि तेवढं जेवणातून वजा करा. लॅब असेल तर हे कडकपणे पाळा, ती जात लवकर सुटते.

सुकट, सोडे वासाला जबरदस्त, पण खारवलेले असतील तर मीठ फार. मी धुऊन, उकडून, पाणी टाकून मगच देते, तेही फक्त 'ये' च्या सरावाला.

द्यायचं नाही ते: कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, साखरविरहित च्युइंगगममधलं झायलिटॉल, शिजवलेली हाडं. नैवेद्याच्या गोडातले मनुके लक्षात ठेवा. आंब्याची कोय आतड्यात अडकते आणि मग शस्त्रक्रियेशिवाय मार्ग राहत नाही. ओल्या काजूबीच्या सालीतला चीक तोंड भाजून काढतो.

गावठी कुत्रा शिकतो का? की त्यासाठी जातिवंतच हवा?

शिकतो. खंड्या लॅबपेक्षा हळू शिकला असं मला आधी वाटायचं. नंतर कळलं की तो हळू नव्हता, तो विचारत होता, 'मला यात काय मिळणार?' चिमी माणसाला खूश करायला काहीही करते. गावठी कुत्रा पिढ्यान्पिढ्या स्वतःच्या निर्णयावर जगलेला असतो. त्याला चांगला मोबदला आणि थोडा जास्त धीर द्या. एकदा विश्वास बसला की त्याच्याइतका चलाख विद्यार्थी नाही. शिवाय आपल्या हवेत तो अंगभूत टिकतो. केसाळ, चपट्या नाकाची कुत्री मे महिन्यात कशी हाश्शहुश्श करतात ते आपण बघतोच.

आमचा राखणीचा आहे. लाड केले तर राखण करणार नाही ना?

हा समज घरोघरी आहे आणि त्याने फार कुत्र्यांचं आयुष्य साखळीला गेलं आहे. शिकवलेला कुत्रा राखण जास्त चांगली करतो, कारण पोस्टमन, गडी आणि अनोळखी माणूस यांतला फरक त्याला कळतो. बांधून ठेवलेला सगळ्यांवर सारखाच भुंकतो. मग घरातलं कुणी बाहेर येऊन बघतसुद्धा नाही.

कायद्याचंही सांगते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम ११ प्रमाणे अवाजवी आखूड किंवा जड साखळीला अवाजवी काळ बांधणं ही क्रूरता आहे, आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणं हीसुद्धा.

आणि आपल्याकडे बिबट्या आहे. रात्री अंगणात साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळायलाही वाव नसतो. रात्री पडवीचं दार लावून आत घ्या. आतूनही तो भुंकून जागं करतो.

ऐकत नाही तेव्हा एखादा फटका द्यायला काय हरकत आहे?

फटक्याने तो एवढंच शिकतो की तुमचा हात जवळ आला की लागतं. काय करायला हवं होतं ते त्याला कळत नाही. गुरगुरण्याबद्दल मारलेला कुत्रा पुढे न गुरगुरता चावतो, कारण इशारा देण्याची बंदी तुम्हीच घातलेली असते. आणि डोक्याला चालना हा आपला हेतू असेल तर मार त्याच्या नेमका उलट जातो. घाबरलेला कुत्रा नवीन काही करून बघत नाही.

उडी मारतो? पाठ फिरवा, चारही पाय जमिनीवर टेकले की लक्ष द्या. वाफे उकरतो? परसात एका कोपऱ्यात वाळूचा खड्डा करून द्या, त्यात खाऊ पुरा आणि तिथे उकरल्याचं कौतुक करा. आमचं अळू तेव्हापासून शाबूत आहे.

समुद्रावर मोकळा सोडू का?

'ये' पक्कं असेल आणि हंगाम बरोबर असेल तर. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबरपासून अंडी घालायला येतात आणि पिल्लं मेपर्यंत बाहेर पडत असतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांसोबत ही घरटी जपली आहेत. कुत्र्याच्या नाकाला ती घरटी सहज सापडतात आणि एका उकरण्यात शंभरेक अंडी जातात. त्या महिन्यांत पहाटे-संध्याकाळी दोरी सोडू नका.

केंड मासा वर सांगितला, पुन्हा सांगते. फुगलेला, काट्यांचा, वाळूत मरून पडलेला दिसला तर लगेच 'सोड'. त्यातल्या टेट्रोडोटॉक्सिन या विषावर उतारा नाही. खारं पाणी प्यायल्याने जुलाब होतात, म्हणून प्यायचं पाणी सोबत न्या. दुपारी नेऊ नका. हाताची मागची बाजू वाळूवर पाच सेकंद ठेववत नसेल तर त्याचे तळवे भाजतील.

पिल्लाला कधीपासून शिकवायचं?

घरी आल्या दिवसापासून, एक-दोन मिनिटं. साधारण तीन ते चौदा आठवडे या वयात जे बघितलं, ऐकलं, हुंगलं ते पिल्लू आयुष्यभर आपलं मानतं. लसी पूर्ण व्हायच्या असतील तर खाली सोडू नका, कडेवर घेऊन फिरवा: एसटी स्टँड, मासळीचा लिलाव, गुरं, छत्रीवाला माणूस.

गणपतीत फटाके, शिमग्यात ढोल. कुत्रा पलंगाखाली जातो. हे शिकवून जातं का?

बरंच कमी होतं, पण तयारी दोन-तीन महिने आधी हवी. ढोलाचा आवाज मोबाईलवर अगदी हळू लावा, इतका की त्याने फक्त कान हलवावा. आवाज सुरू, अंडं सुरू. आवाज बंद, अंडं बंद. दिवसागणिक किंचित वाढवा. घाबरला तर तुम्ही घाई केलीत, मागे या. पालखी दारात येईल त्या दिवशी मात्र परीक्षा घेऊ नका. आतल्या खोलीत, पंखा लावून, चघळायला देऊन घरातल्या एकाने सोबत बसा. फार घाबरणाऱ्यासाठी डॉक्टर औषध देतात, ते मागण्यात काही कमीपणा नाही.

मुंबईचा कुत्रा गणपतीला गावी आणतो. तो इथे सैरभैर होतो.

फ्लॅटमधून आलेल्या नाकावर एकदम कोंबड्या, गुरं, मुंगूस, शेण, समुद्र सगळं कोसळतं. पहिले दोन दिवस तो शिकलेलं सगळं विसरल्यासारखा वागेल. दोरी सोडू नका, कोंबड्या लांबून दाखवा, आणि त्याला येणारे सोपे शब्द अंगणात पुन्हा घ्या. ओळखीचं काम मिळालं की तो स्थिरावतो.

म्हातारा कुत्रा आता काय शिकणार?

चिमी बारा वर्षांची असताना तिला ऐकू येईनासं झालं. शब्द गेले, म्हणून आम्ही हाताच्या खुणा घेतल्या. तळवा खाली म्हणजे बस, दोन्ही हात पसरले म्हणजे ये, अंगठा वर म्हणजे 'हां'. तीन आठवड्यांत तिने घेतल्या. खुणा ती आधीपासून अर्ध्या वाचतच होती, म्हणून सोपं गेलं. म्हाताऱ्या कुत्र्यांना विसरभोळेपणाचा आजार होतो. कोपऱ्यात अडकून उभं राहणं, रात्री विनाकारण फिरणं, ओळखीच्या माणसाकडे परक्यासारखं बघणं अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांशी बोला. डोक्याला हलकं काम देत राहणं हा त्यावरच्या उपचाराचाच भाग आहे.

वेळ कमी करा, दोन मिनिटं पुरेत. खाऊ मऊ द्या. उड्या, मागच्या दोन पायांवर उभं राहणं, सारखं बस-ऊठ टाळा, सांधे दुखतात. नाक शेवटपर्यंत बऱ्यापैकी चालतं, म्हणून नाकाचे खेळ ठेवा. चिमीला तीन करवंट्यांतून एक दाखवायला आता बराच वेळ लागतो, मध्येच ती थांबून माझ्याकडे बघते. मी काही बोलत नाही, ती पुन्हा हुंगायला लागते. फरशीवर तिचे पाय घसरतात, त्यामुळे खेळाच्या आधी गोधडी अंथरायची आणि करवंट्या तिच्यावर मांडायच्या.